दहावीनंतरची दोन वर्षे
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहाय्यक शिक्षकाने केलेले भाषण)



‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे अध्यक्षसाहेबांनी सुचविले होते. त्यांची क्षमा मागून मी विषय थोडा बदलून घेतो. शिक्षणाचे महत्त्व आता आपल्या समाजाला पटवून द्यावे लागत नाही. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी आमच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहावे. हातगाडीवर केळी घेऊन निघालेला बागवान आधी मुलीला वर्गापर्यंत सोडतो आणि मग बाजाराची वाट धरतो. स्वतःला सही करता येत नाही, पण मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अंगठा उठविताना जिचे डोळे भरून येतात, अशी आई मी पाहिली आहे. या लोकांना महत्त्व काय सांगायचे? त्यांनी ते आपल्याला सांगावे!

मग आपली मुले मागे का राहतात? माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे ती पहिलीत मागे राहत नाहीत, पाचवीतही फारशी राहत नाहीत. ती गळतात दहावीच्या निकालानंतर, सोळाव्या-सतराव्या वर्षी. म्हणून आज मी फक्त या दोन वर्षांबद्दल, आणि तेही मुख्यतः पैशाबद्दल बोलणार आहे. पैशाविषयी उघड बोलण्याचा आपल्याला संकोच वाटतो. पण न बोलल्याने मुले शाळेत टिकत नाहीत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि २००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला. त्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळाले. १४ वे वर्ष संपले की हा हक्क संपतो. दुसरीकडे बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही, पण इतर कामांवर ठेवता येते. म्हणजे आपला मुलगा पंधराव्या वर्षात पाऊल टाकतो तेव्हा शाळेचे दार त्याच्यासाठी आपोआप उघडे राहत नाही आणि गॅरेजचे मात्र उघडते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदविले होते की, ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच सोडून गेली होती. तेव्हापासून खालच्या इयत्तांत पुष्कळ सुधारणा झाली, हे आमच्या हजेरीपटावरून दिसते. अडचण आता वरच्या पायरीवर येऊन बसली आहे.

आता घरचा हिशेब मांडू. ‘सर, फी किती?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात कला किंवा वाणिज्य शाखेची फी तशी फार नसते. विनाअनुदानित तुकडीत, विशेषतः विज्ञानाला, ती जड जाते. पण फी हा खर्चाचा लहान भाग आहे. समजा, महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. एस.टी.च्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा आपण भरायचा. त्यात वह्या, पुस्तके, प्रात्यक्षिकाची जर्नल, दुपारचा वडापाव आणि परीक्षेची फी मिळवा. एवढे कसेबसे जमते. खरा खर्च पुढेच आहे आणि तो कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. हाच मुलगा वेल्डिंगच्या दुकानात किंवा बेकरीत गेला असता, तर समजा महिना पाच-सहा हजार घरी आणले असते. ते येत नाहीत. बापाच्या मनात हा आकडा रोज रात्री उभा राहतो. तो बोलून दाखवीत नाही इतकेच.

आमच्याच शाळेतला एक मुलगा दहावीला ७४ टक्के गुण मिळवून गेला. हुशार, शांत, अक्षर सुरेख. वडील रिक्षा चालवीत. त्यांच्या पाठीचे दुखणे वाढले आणि रिक्षा घरी उभी राहिली. ऑगस्टमध्ये मुलाने महाविद्यालयात जाणे थांबविले. मी घरी गेलो तेव्हा कळले की फी भरलेली होती आणि पुस्तकेही होती. अडला होता तो दर महिन्याचा पास आणि घरातले रेशन. त्या वर्षी त्याला एक शिष्यवृत्ती मंजूरही झाली होती. ती खात्यात जमा झाली ती पुढच्या एप्रिलमध्ये! तोपर्यंत तो टायरच्या दुकानात चांगला रुळला होता. तो मुलगा आळशी नव्हता आणि बापही निर्दयी नव्हता. मदत होती, पण महिना चुकला.

जुन्या लोकांना हे नेमके कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम समाजातील मंडळींची सभा बोलावली, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. शाळा तर शहरात होत्याच. महाराजांनी पाहिले ते हे की, खेड्यातून आलेले पोर रात्री कोठे झोपेल आणि दोन वेळा काय खाईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तीही वसतिगृहाच्या आणि ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. पुढे १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या काळात ई.बी.सी. सवलत आली आणि गरिबांच्या मुलांची फी माफ झाली. आपल्या मागच्या पिढीत जे कारकून, शिक्षक, तलाठी झाले, त्यांतले कितीतरी ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे अजून आदराने उच्चारतात. माझे वालिद त्यांपैकीच एक.

हा प्रश्न आपल्याच गरिबीचा आहे असेही नाही. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही तो सोडवावा लागला, आणि त्यांचा अनुभव आपल्या संस्थेच्या कामी येण्यासारखा आहे म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. तिकडे सोळाव्या वर्षानंतर गरीब घरची मुले शाळा सोडून कामाला लागत. शिक्षण फुकट होते, तरी सोडत. म्हणून १९९९ साली काही भागांत प्रयोग म्हणून आणि २००४ पासून देशभर एक भत्ता सुरू झाला. सोळा वर्षांपुढे शिकत राहणाऱ्या मुलाला घरच्या उत्पन्नाप्रमाणे आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड मिळत. तो पैसा शाळेला नाही, बापालाही नाही, थेट मुलाच्या बँक खात्यात जाई. अट एकच मोठी होती, हजेरीची. सबळ कारणाशिवाय दांडी मारली की त्या आठवड्याचे पैसे बंद. गुण किती, नंबर कितवा, हे कोणी विचारीत नसे.

प्रयोगाच्या भागांची अभ्यासकांनी तपासणी केली तेव्हा आढळले की, पात्र मुलांपैकी शिक्षणात राहणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या वर्षी शेकडा साधारण साडेचारने वाढले, आणि दोन्ही वर्षे टिकणाऱ्यांचे त्याहून जास्त. तरीही २०१० मध्ये तिथल्या सरकारने इंग्लंडपुरता हा भत्ता बंद करण्याचे जाहीर केले. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी तो चालू ठेवला. बंद करणाऱ्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. भत्ता घेणाऱ्या मुलांना विचारले तेव्हा शंभरातली सुमारे बाराच म्हणाली की, हा पैसा नसता तर आम्ही शिकलो नसतो. मग उरलेल्या अठ्ठ्याऐंशींना का द्यायचा, असा सरकारचा सवाल. समर्थकांचे उत्तर असे की, त्या बारांचे आयुष्य सुधारले तर सगळा खर्च भरून निघतो.

मला दोन्ही बाजू पटतात. लंडनच्या कचेरीत बसून ती बारा मुले शोधणे अवघडच होते. पण आपल्या शाळेत ती अवघड आहेत का? दहावीच्या वर्गशिक्षकाला विचारा. कोणाच्या घरी चूल कशी पेटते, कोण सुट्टीत कामाला जातो, कोणाच्या मामाने त्याला मुंबईला बोलावले आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. इंग्रज सरकारजवळ पैसा होता, माहिती नव्हती. आपल्याजवळ माहिती आहे. पैशाकडे मी पुढे वळतो.

त्याआधी सरकारी योजनांविषयी बोलायला हवे, कारण हाती लागण्यासारखा पैसाही आपण अनेकदा सोडून देतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती २००७-०८ पासून आली. अट ५० टक्के गुण आणि २ लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न. अकरावी-बारावीला फीपोटी वर्षाला कमाल ७,००० रुपये, आणि निर्वाहासाठी घरून येणाऱ्याला महिना २३० व वसतिगृहात राहणाऱ्याला ३८० रुपये असे तिचे दर होते. २३० रुपयांत आजकाल महिनाभराचा चहाही होत नाही, हे खरे. पण पुष्कळ घरांना तिचा आधार होता. तिच्या मंजुरीची मुदत २०२१-२२ ला संपली आणि ती रखडली. म्हणून माझा सल्ला असा की, फॉर्म सुटले आहेत का हे दरवर्षी पोर्टलवर जरूर पाहावे, पण त्या पैशावर घरचा हिशेब मांडू नये.

याउलट एक योजना अशी आहे की जी आपल्या घरांत फारशी माहीतच नाही. तिचे नाव एन.एम.एम.एस. आठवीत असताना परीक्षा द्यायची. दोन पेपर, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीला ५५ टक्के गुण हवेत, आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. मागासवर्गीयांपैकी काहींना गुणांत सवलत आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला यातल्या ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, दहावीला ६० टक्क्यांच्या खाली गेलात तर अकरावीची रक्कम थांबते. सातवी-आठवीच्या पालकांनो, आज घरी गेल्यावर एवढे एक नाव कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुस्तके आमच्या ग्रंथालयात आहेत. बुद्धिमत्तेचा पेपर निव्वळ सरावाचा असतो, त्याला खासगी क्लासची गरज नाही. माझे हे मत काही क्लासवाल्या मित्रांना आवडणार नाही, त्याला इलाज नाही!

दुसरा विषय जातीच्या दाखल्याचा. तो नाजूक आहे, तरी बोलतो. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण सारे मानतो. पण राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, मुलाणी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्यांची नोंद आहे. ती नोंद पिढीजात धंद्यामुळे आलेल्या मागासलेपणाची आहे, ईमानाची नव्हे. हा दाखला असेल तर ‘महाडीबीटी’ पोर्टलवरून मॅट्रिकोत्तर सवलती मिळू शकतात आणि पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशालाही उपयोग होतो. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. इथे आपले घोडे पेंड खाते. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसते ‘मुसलमान’ लिहून ठेवलेले असते. चुलत आजोबांच्या नावापुढे मात्र ‘बागवान’ असते. त्या एका शब्दासाठी मग भाऊबंदांच्या शाळा, जन्ममृत्यूची नोंदवही, जमिनीचे जुने उतारे असे सगळे हुडकावे लागते. हे काम आठ दिवसांत होत नाही. दहावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या हाती तारीख निघून गेल्याचाच निरोप येतो. नववीत असतानाच सुरुवात करावी. ज्यांची बिरादरी कोणत्याच मागास यादीत नाही, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची चौकशी करावी. तेही आपल्याला लागू आहे आणि पुष्कळांना त्याची खबर नाही.

तिसरी अडचण अगदीच क्षुल्लक वाटेल, पण तीच सर्वांत जास्त फॉर्म बाद करते. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे. संगणकाला शेख घराणे कळत नाही, त्याला अक्षरे कळतात. पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि नाव जुळले नाही की परत जातो. खाते मुलाच्या स्वतःच्या नावाने काढा आणि तिन्ही कागदांवरचे स्पेलिंग एक करून घ्या.

मुलींविषयी दोन शब्द निराळे बोलतो. बारावीपर्यंत मुलींना शिक्षण मोफत आहे. शाळेला जाण्यासाठी एस.टी.चा पासही मोफत आहे. बारावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकातील मुलींना, घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत राज्याने दिली आहे. तेव्हा मुलीच्या बाबतीत ‘परवडत नाही’ हे कारण पूर्वीइतके खरे उरलेले नाही. जे कारण आहे ते दुसरे आहे: एस.टी. संध्याकाळी उशिरा येते, थांब्यापासून घरापर्यंत अंधार असतो, आणि चार माणसे काय म्हणतील. यातला अंधार खरा आहे, त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. एका वस्तीतल्या पाच-सहा मुलींनी एकाच महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि पालकांनी पाळीपाळीने थांब्यावर उभे राहायचे ठरविले, तर तो प्रश्न सुटतो. आपल्याच गावच्या एका मोहल्ल्याने हे दोन वर्षे करून दाखविले आहे. चार माणसांचा प्रश्न मात्र पालकांनीच सोडवायचा आहे, त्याला कोणतेही सरकार अनुदान देत नाही.

आता आपल्या संस्थेकडे येतो. पदाधिकारी मंडळी समोर बसली आहेत आणि मी त्यांचा नोकर आहे, तरी दोन शब्द बोलण्याची मुभा असावी. आपण दरवर्षी गुणगौरव समारंभ करतो. मंडप, लाऊडस्पीकर, शाली, ढाली, जेवण. नव्वद टक्केवाल्याचा सत्कार होतो आणि तो व्हायलाही हवा. पण नव्वद टक्केवाला आपल्या ढालीशिवायही अकरावीला जाणारच असतो. ज्याला ५८ टक्के आहेत आणि ज्याचे पाऊल उंबऱ्यावर अडखळले आहे, तो त्या दिवशी मागच्या रांगेत खुर्च्या लावीत असतो.

हिशेब करून पाहा. महिना १,००० रुपये, जून-जुलैपासून दहा महिने, म्हणजे एका मुलाचे वर्षाचे १०,०००. वीस मुले घेतली तर २ लाख. एवढ्या मोठ्या वस्तीला २ लाख जड नाहीत. रमजानमध्ये या गावातून जकातीची किती रक्कम पावतीपुस्तके घेऊन आलेल्या बाहेरच्या मंडळींकडे जाते, हे दुकानदारांना मी सांगायला नको. ती देऊ नये असे मी म्हणत नाही. गरजू विद्यार्थ्याला जकात कशी द्यावी, तिचा मालक तोच व्हावा यासाठी काय पद्धत ठेवावी, हे उलेमांना विचारून ठरवावे. तो माझा अधिकार नाही. ज्यांना जकातीतून द्यायचे नसेल त्यांनी लिल्लाह द्यावे. लग्नातल्या एका जादा पदार्थाचा खर्च पुरेल.

पण पद्धत अशी असावी. पैसा दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मुलाच्या खात्यात जावा, वर्षाच्या शेवटी एकदम नव्हे. निवड वर्गशिक्षकांच्या गुप्त शिफारशीने व्हावी. अट महाविद्यालयातल्या हजेरीची असावी, टक्क्यांची नसावी. आणि मुलाचे नाव ना व्यासपीठावर पुकारावे, ना या स्मरणिकेत छापावे. सोळा वर्षांच्या मुलाला इज्जत असते. फोटो काढून दिलेली मदत घ्यायची नाही म्हणून शाळा सोडलेली मुले मला माहीत आहेत.

ज्याच्या घरी खरोखर कमाईवाचून चालणारच नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. मामाच्या गॅरेजवर दहा वर्षे काम करून हातात कागद येत नाही. तेच काम आय.टी.आय.मध्ये शिकून पुढे अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी केली तर शिकताना विद्यावेतन मिळते आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र. पान्याला कमी लेखणारा मी नाही. पान्याबरोबर प्रमाणपत्रही असावे, एवढेच माझे म्हणणे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. कॉलेज सोडायचे मनात आले तर अगोदर दाखला काढायला जाऊ नका. अगोदर आमच्यापैकी कोणाकडे तरी या, शाळा सोडून गेला असाल तरीसुद्धा. दाखला हातात पडल्यावर परत फिरलेली मुले फार थोडी असतात.

पदाधिकाऱ्यांच्या परवानगीने आम्ही चार शिक्षकांनी असे ठरविले आहे की, दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास कार्यालयात बसायचे आणि फॉर्म भरून द्यायचे. त्याचे पैसे कोणी देऊ नयेत. येताना मुलाचे आधार कार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि मागची गुणपत्रिका आणावी. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचे पूर्ण नाव आणि ते कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून आणावे. ते शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचे. नववी-दहावीच्या पालकांनी पहिल्या दोन शनिवारी यावे, म्हणजे गर्दी होणार नाही.